हर्षदच्या गाडीचे चार प्लग

हर्षद गेल्यावर त्याचे कपडे देऊन झाले, जहाज कंपनीशी पत्रव्यवहार संपला, भिंतीवर फोटो लागला. राहिली ती त्याची गाडी. माणूस गेला की त्याच्या बाकीच्या वस्तू गुपचूप बसतात. गाडी बसत नाही. तिला आठवड्यातून एकदा तरी चालू करावी लागते, नाहीतर बॅटरी उतरते. हे काम घरातला मोठा भाऊ म्हणून माझ्याकडे आलं.

हर्षद माझा धाकटा भाऊ, जहाजावर इंजिनियर होता. परदेशातल्या एका बंदरात जहाज उभं असताना रात्री झोपला तो सकाळी उठला नाही. चाळिशीही गाठली नव्हती. याहून जास्त आम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

गाडी दिसायला साधीच. बुटकी, राखाडी, बाजारहाटाला नेतात तसली. पण पुण्याच्या एका माणसाकडून त्याने तिचं इंजिन वाढवून घेतलं होतं. मोठा टर्बो, बदललेला कॉम्प्युटर आणि एक असा सायलेन्सर, की त्याला सायलेन्सर म्हणणं ही शब्दाची थट्टा होती. सुट्टीवर आला की सकाळी रत्नागिरीबाहेर, महामार्गावरच्या हातखंब्यापर्यंत जाऊन यायचा. येताना साळवी स्टॉपला असला तरी आमच्या नाचणे रोडच्या गॅलरीत कळायचं. "दादा, चल एकदा," म्हणायचा. मी म्हणायचो, "ऑफिस आहे." मी सरकारी कचेरीत कार्यालयीन अधीक्षक. वेगाशी आमचा संबंध किती, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

तर दर रविवारी मी खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडी चालू करायचो आणि आत बसून पेपर वाचायचो. पेपर संपला की बंद करायचो. वर गॅलरीत आई येऊन उभी राहायची. कपडे वाळत घालायचं निमित्त असायचं, पण बादली रिकामी असायची. आमच्यात यावर कधी बोलणं झालं नाही.

पावसाळा सरता सरता गाडी खोकायला लागली. आधी एखादा ठसका, मग सलग ढास, आणि मागून काळा धूर. सोसायटीत कुजबुज सुरू झाली. आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी वर्षभर गळली तरी कुणी बोलत नाही, पण धूर आणि कुत्री यांच्याबाबतीत लोक जागरूक आहेत.

तेवढ्यात गाडी योगिनीच्या नावावर करायचा विषय निघाला. योगिनी म्हणजे हर्षदची बायको. आमच्याच मजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, शाळेत गणित शिकवते. आईचं म्हणणं गाडी आहे तशी राहू दे. माझी बायको वैष्णवी म्हणाली, विकून टाका, बघवत नाही. योगिनी एवढंच म्हणाली, "भावोजी, आधी नावावर तर होऊ दे." नावावर करायची तर प्रदूषणाचं प्रमाणपत्र हवं. मी गाडी घेऊन गेलो. तपासणाऱ्या पोराने नळी मागे लावली, यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"काका, ही पेट्रोलवर चालते की चुलीवर?"

मागे रांगेत रिक्षावाले होते. ते हसले. मी अधीक्षक आहे हे तिथे सांगण्यात अर्थ नव्हता.

कुवारबावच्या लवूने चारही प्लग काढून दाखवले. लवूचं गॅरेज जुनं, पण त्याने पहिल्यांदाच हात वर केले. "साहेब, मी डिझेलवाला. पेट्रोलच्या गाडीत प्लग काढायचा नि घालायचा, एवढाच माझा संबंध. कुठला घालायचा ता मला विचारू नका." प्लग कोळशासारखे काळे झाले होते. मी एक प्लग रुमालात गुंडाळून खिशात घातला. त्या क्षणापासून पुढचे काही आठवडे मी स्पार्क प्लगचा जाणकार होतो.

जाणकार झालो म्हणजे काय, तर पुण्याच्या त्या माणसाला फोन केला. त्याने नीट समजावलं. प्रत्येक प्लगला उष्णतेची एक पायरी असते. गरम प्लग आपली उष्णता धरून ठेवतो, म्हणून त्याच्यावर बसलेली काजळी जळून जाते. थंड प्लग उष्णता लगेच इंजिनाच्या अंगाला देऊन मोकळा होतो. जोरात पळणाऱ्या इंजिनात आधीच आग फार, तिथे थंड प्लग लागतो. रमतगमत जाणाऱ्या गाडीला गरम. हर्षदच्या गाडीत जपानी कंपनीचा आठ नंबर होता. थंड. उभ्या उभ्या चालू ठेवली की तो काजळी धरणारच.

"मग गरम घालू?"

"कोण चालवणार आणि कशी चालवणार, त्यावर आहे," तो म्हणाला. "फार तर एक पायरी गरम करा. सात नंबर. त्याच्या पुढे जाऊ नका."

"आता कोण पळवणार तिला?" मी म्हणालो. "उभीच असते."

तो म्हणाला, "हर्षदभाई फार छान चालवायचे." मी फोन ठेवला.

आता, एवढं ऐकल्यावर शहाणा माणूस सात नंबरचे चार प्लग आणून मोकळा झाला असता. पण रत्नागिरीत सात नंबर मिळेना, आणि मला तोवर सल्ले मिळायला लागले होते. प्लग खिशात असला की तो बाहेर निघतोच. जिन्यात निघाला, दूध घेताना निघाला, ऑफिसात जेवणाच्या डब्याशेजारी निघाला.

दुसऱ्या मजल्यावरच्या अक्षयाताई आयुर्वेदाच्या डॉक्टर. त्यांनी प्लग उजेडात धरून पाहिला. "ही काजळी म्हणजे न पचता पोटात साचलेला 'आम'च समजा," त्या म्हणाल्या. "पण आपली हवा दमट नि उष्ण. मुळात गाडीची प्रकृती पित्ताची. तिला एकदम गरम देऊ नका, भडका होईल." पुढे जे झालं ते बघता, एवढ्या चुकीच्या कारणासाठी एवढा बरोबर सल्ला मला आयुष्यात कुणी दिलेला नाही. अर्थात मी तो हसण्यावारी नेला.

मी मानलं ते तळमजल्यावरच्या रावजींना. रावजींची हयात ट्रकच्या धंद्यात गेली, आवाज खर्जातला, आणि ते बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतात. खांद्यावर हात पडला की माझी विचारशक्ती थांबते, हे माझ्या वरिष्ठांनाही माहीत आहे.

"नंबर लहान, तेवढा प्लग गरम. बस," रावजी म्हणाले. "कंपनी कुठली का असेना. चुडी, म्हणजे आटे, नि लांबी जुळली म्हणजे झालं."

सूरजच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जर्मन कंपनीचे प्लग होते. चुडी तीच, लांबी तीच. मी ऐटीत तीन नंबर मागितला. सूरज म्हणाला, "काका, गाडीचं मॉडेल सांगा, मी बघून देतो." मी म्हणालो, "मॉडेल राहू दे, मला उष्णतेची पायरी माहीत आहे." दुकानातल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. मला बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं होतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्या प्लगांवर गाडी पुन्हा तपासणीला नेली, आणि रांगेत माझा नंबर येता येता ती ठसकली, सर्वांगाने हादरली आणि बंद पडली. पुन्हा चालू होईना. रिक्षावाल्यांनी उतरून ढकलली. मी आत स्टिअरिंग धरून बसलो होतो. ढकलणाऱ्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "आवाज बघ नि गाडी बघ. फटाका फुसका." हर्षदच्या गाडीला कुणी फुसका म्हणालं. मी काच वर केली.

ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरवर शोधलं तेव्हा कळलं, की जपानी कंपनीचा नंबर वाढला की प्लग थंड होतो आणि जर्मन कंपनीचा नंबर वाढला की गरम. म्हणजे मी थंड काढून आणखी थंड घातला होता. दोन देशांनी आपापसात ठरवून केल्यासारखं हे उलटसुलट कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही. मी रावजींना सांगायला गेलो. ते म्हणाले, "मी तेच सांगत होतो," आणि खांद्यावर हात ठेवला.

पुण्याच्या माणसाने सांगितलेल्या सातला जर्मन नंबर कुठला, तेही तिथेच दिलेलं होतं. मी वाचलं होतं. पण अपमान झालेला माणूस एक पायरी चढत नाही, जिना चढतो. पुन्हा त्या रांगेत धूर निघता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी सूरजकडे जाऊन त्याच्याकडचे सगळ्यात गरम चार प्लग घेतले. लवूने चारही बसवले. मी त्याला बोलायला जागाच ठेवली नव्हती.

आणि सांगायला वाईट वाटतं, पण गाडी सुरेख चालली. ठसका नाही, धूर नाही. तपासणारा पोरगा यंत्राकडे बघून म्हणाला, "काका, आता एकदम पास." मी खिशातला जुना प्लग काढून त्याला थंड नि गरम यातला फरक समजावून सांगितला. मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा थांबलो.

गाडी नावावर करण्याच्या कचेरीत मात्र माझ्याच जातीची माणसं होती. तिथला लिपिक म्हणाला, "मालकाची सही?"

"मालक वारले."

"मग वारसांना आणा."

"ह्या काय, वारस." योगिनी शेजारीच उभी होती.

"मग तुम्ही कोण?"

"मी दीर. मोठा."

"दिराचं इथे काय काम?"

हा प्रश्न मी स्वतः माझ्या टेबलावरून अनेकांना नातं बदलून विचारलेला आहे. समोरून ऐकायची वेळ पहिलीच. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. गाडी तपासायला आलेले साहेब म्हणाले, सायलेन्सर कंपनीचा नाही, कंपनीचा लावून आणा. तो योगिनीच्या माळ्यावर गोणपाटात बांधलेला सापडला. हर्षदने जपून ठेवला होता. लवूने तो बसवला आणि गाडीचा आवाज चारचौघींसारखा झाला. त्या रविवारी आई गॅलरीत आली, थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली. दुपारी जेवताना म्हणाली, "आज चालू नाय केलीस?" मी केली होती. मी म्हणालो, "विसरलो." वैष्णवीने माझ्याकडे पाहिलं आणि आमटी वाढली.

गाडी योगिनीच्या नावावर झाली त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ती किल्ली मागायला आली.

"भावोजी, मी जरा हातखंब्यापर्यंत जाऊन येते."

तिच्याकडे लायसन्स लग्नाआधीपासून होतं, पण ही गाडी तिने कधी चालवली नव्हती. आई म्हणाली, "एकटी नको." वैष्णवीने मला कोपराने ढोसलं. मी चपला घातल्या. त्या गाडीत, ती चालू असताना आणि पुढे जात असताना, शेजारच्या सीटवर मी पहिल्यांदा बसलो तो असा.

कुवारबावपर्यंत योगिनी अगदी शाळेत जावं तशी चालवत होती. मी तिला प्लगांबद्दल सांगत होतो. एमआयडीसी मागे पडली तरी सांगत होतो. तिने ऐकून घेतलं. हातखंब्याला महामार्ग लागला तिथे वळून परत यायचं, असं घरी ठरलं होतं. तिने गाडी वळवली नाही. ती घराच्या उलट, निवळीच्या बाजूला निघाली.

"योगिनी, अगं..."

"थोडंच पुढे, भावोजी."

रस्ता नवा, रुंद, रिकामा होता. तिने गियर खाली टाकला आणि पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग कुठून तरी शिट्टीसारखा आवाज चढत आला आणि माझी पाठ सीटला चिकटली. मी दरवाजाच्या वरची दांडी धरली. कडेचा कातळ आणि काजूची झाडं यांची एकच पट्टी झाली. मी तिला थांब म्हणणार होतो, पण आधी तिच्याकडे बघितलं. ती रडत नव्हती, हसतही नव्हती. एखादं गणित सुटत आलेलं असावं तशी समोर बघत होती.

पुढे चढाव सुरू झाला. तिने पाय उचलला नाही. तेव्हा इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. मला तो ऐकू आला. त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला असं नाही. पण पुण्याच्या माणसाने मला विचारलं होतं, कोण चालवणार आणि कशी चालवणार, आणि मी ते योगिनीला न विचारता उत्तर देऊन टाकलं होतं, हे मात्र त्या खडखडाटातच मला आठवलं. मी म्हणालो, "थांबव." ते तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. खाडकन काहीतरी झालं, गाडीतला जीव गेला, आणि मागच्या काचेत नुसता पांढरा धूर.

तिने गाडी शांतपणे कडेला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली. आम्ही उतरलो. एक ट्रकवाला वेग कमी करून आमच्याकडे बघत गेला. मी लवूला फोन लावला.

"माझ्याकडून बिघडली का?" योगिनीने विचारलं.

"नाही. मी घातलेले प्लग फार गरम होते. जोरात चालवायला थंडच लागतात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"तू जोरात चालवशील असं वाटलं नाही."

ती कठड्यावर बसली. मी उगाच बॉनेट उघडून आत बघत राहिलो. माणसाला कुठेतरी बघावं लागतं.

"मी शेजारी असले की तो कधी पळवायचाच नाही," ती म्हणाली. "कितीदा म्हटलं, एकदा दाखव. म्हणायचा, तुला घेऊन नाही. एकटा असला की पळवायचा. परत आला की चेहरा वेगळाच असायचा. मला चिडायला व्हायचं. वाटायचं, असं काय आहे तिथे, जे मला घेऊन नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हाला तरी न्यायचा का?"

"बोलवायचा. मी गेलो नाही."

मला वाटलं, ती काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

लवू क्रेन घेऊन आला. त्याने तिथेच एक प्लग सोडवून माझ्या हातात दिला. टोकाचा धातू मेणासारखा वितळून नाहीसा झाला होता. मी तो गरम गरम धरून राहिलो. लवूने टॉर्च मारून त्या भोकातून आत पाहिलं आणि मान हलवली. "साहेब, पिस्टनला भोक पडलाय. इंजिन उतरवायला लागेल. वहिनींना घेऊन तुमी घरी जा." योगिनीने विचारलं, दुरुस्त होईल का. लवू म्हणाला, "पुण्याला पाठवू. त्यांनी केलंय, त्यांनाच कळेल." गाडीचं तोंड वर उचलून क्रेन निघून गेली. आम्ही ती वळणाआड जाईपर्यंत बघत उभे राहिलो. हर्षद पेटीतून आला तेव्हाही आम्ही असेच रस्त्यावर उभे होतो. फक्त तेव्हाची गाडी आमच्याकडे येत होती.

देवरूखहून येणारी एसटी मिळाली. कंडक्टरने तिकिटं फाडताना माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात काळे झाले होते. मनातल्या मनात मी आईला काय सांगायचं ते जुळवत होतो. रावजींना काय सांगायचं, तेही जुळवत होतो, इतका मी हलका माणूस आहे. मिरजोळे येईस्तोवर योगिनीचं डोकं माझ्या खांद्याला टेकलं. मला वाटलं, रडते आहे. मग लक्षात आलं, झोपली आहे.

बातमी आल्यापासून तिच्या खिडकीतला दिवा आम्ही कुठल्याही वेळी उठलो तरी चालू दिसायचा. वैष्णवीने काढे केले होते, अक्षयाताईंनी तेल दिलं होतं, डॉक्टरांच्या गोळ्याही होत्या. आणि ही एसटीच्या खडखडाटात, तोंड थोडं उघडं टाकून, लहान मुलीसारखी झोपली होती.

स्टँड आला. माणसं उतरली. खालचा भाजीवाल्यांचा कलकलाट आत आला तरी ती हलली नाही. कंडक्टर मागून पुढे सीटा बघत आला.

"ओ, उतरा. गाडी डेपोत जायची हाय."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने तिच्याकडे बघितलं. मग पुढे ड्रायव्हरला म्हणाला, "चल, आधी चाय पिऊया," आणि दोघं खाली उतरून गेले.

फोन वाजू नये म्हणून मी तो खिशातल्या खिशात दाबून बंद केला. तिची ओढणी माझ्या हाताला लागत होती. तिला काळं लागू नये म्हणून मी दोन्ही हात उताणे करून मांडीवर ठेवले आणि तसाच बसून राहिलो.